शून्य व्होल्ट, पण फेज जिवंत : त्रिकोण आणि टाचणीचा पाठ



आजचा पाठ अभ्यासक्रमात नाही. तरीही इलेक्ट्रिशियन, वायरमन किंवा डिप्लोमा इलेक्ट्रिकलला शिकवणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा वर्गात घ्यावा असं मला वाटतं. विषय जरा परका आहे. अमेरिकेतल्या जुन्या कारखान्यांत सापडणारी थ्री फेजची एक पद्धत. पण त्या निमित्ताने माझ्याच शिकवण्यातली एक चूक मला सापडली, आणि ती आपल्यापैकी बरेच जण करत असणार अशी मला शंका आहे.

मागच्या जानेवारीत रात्री साडेआठच्या सुमारास एका माजी विद्यार्थ्याचा व्हिडिओ कॉल आला. मुलगा हुशार. आयटीआय करून पुढे डिप्लोमा केला आणि आता पुण्याजवळ औद्योगिक ओव्हन बनवणाऱ्या एका कंपनीत कमिशनिंगचं काम बघतो. कंपनीने ओहायो राज्यातल्या एका जुन्या कारखान्याला ओव्हन पाठवला होता आणि तो जोडून, चालू करून द्यायला याला धाडलं होतं. त्याच्याकडे सकाळचे दहा वाजले होते. "सर, जेवलात का?" एवढं झालं आणि मग तो मुद्द्यावर आला.

ओव्हनमध्ये २४ किलोवॅटचे हीटर आहेत. ४८० व्होल्ट थ्री फेजवर, डेल्टामध्ये जोडलेले. पाऊण तासात २०० अंशांवर जायला हवा, पण दोन तास झाले तरी १४० च्या पुढे सरकेना. याने मल्टिमीटर काढला, काळी प्रोब पॅनलच्या अर्थ बारवर धरली आणि लाल प्रोब एकेका फेजला लावत गेला. आकडे असे आले :

मुख्य ब्रेकरच्या खालच्या बाजूला – ए फेज ४८०, बी फेज ०, सी फेज ४८०.

हीटरच्या कॉन्टॅक्टरच्या वरच्या स्क्रूंवर, कॉन्टॅक्टर ओढलेला असताना – ए फेज ४८०, बी फेज ४१६, सी फेज ४८०.

"सर, प्लान्टचा बी फेज गेलाय," तो म्हणाला. "पण गंमत अशी की आमच्या कॉन्टॅक्टरवर तो आहे. तिथे ४१५ येतंय, म्हणजे तिथे बरोबर आहे."

ब्रेकर आणि कॉन्टॅक्टर यांच्यामध्ये चार-पाच फूट वायर, दुसरं काहीच नाही. वायरच्या अलीकडच्या टोकाला शून्य आणि पलीकडच्या टोकाला ४१६! सप्लायच्या बाजूला फेज नाही आणि लोडच्या बाजूला आहे, हे कसं शक्य आहे? नळाला पाणी नाही आणि बादली भरतेय, तसलाच प्रकार.

त्याच्या एका शब्दावर इथे थोडं थांबूया. मीटर ४१६ दाखवत होता आणि हा "४१५, बरोबर आहे" म्हणाला. मशीन ४८० व्होल्टचं, देश अमेरिका, फेज ते अर्थ मोजमाप, तिथे ४१५ चा काही संबंधच नाही. पण आपण हा आकडा मुलांच्या डोक्यात इतका घोटून बसवलेला असतो (फेज ते फेज ४१५, फेज ते न्यूट्रल २४०, आता ४०० आणि २३० म्हणतो) की तो दिसला की मुलं ओळखीचा माणूस भेटल्यासारखी खूश होतात. कुठल्या दोन बिंदूंमध्ये मोजतोय, हा प्रश्नच मागे पडतो.

आता माझी चूक सांगतो. मी घाईघाईत म्हणालो, "अरे, हा अर्थ फॉल्ट आहे. डेल्टा सिस्टिम आहे, न्यूट्रल अर्थ केलेला नाही, बी फेज कुठेतरी बॉडीला लागलाय. आधी बंद करायला सांग." पुस्तकात असंच आहे ना! अर्थ न केलेल्या डेल्टात एक फेज जमिनीला लागला की तो शून्य दाखवतो आणि बाकीचे दोन पूर्ण लाइन व्होल्टेज दाखवतात. आकडे तंतोतंत जुळत होते.

त्याच्या शेजारी त्या प्लान्टचे एक वयस्कर इलेक्ट्रिशियन उभे होते. त्यांनी याला हाताला धरून ट्रान्सफॉर्मरपाशी नेलं आणि आत दाखवलं. बी फेजच्या टर्मिनलवरून एक जाड तांब्याची तार निघून सरळ अर्थ इलेक्ट्रोडकडे गेली होती. तो फॉल्ट नव्हताच, मुद्दाम बांधलेली तार होती. बी फेज तिथे शून्यच असतो आणि शून्यच असायला हवा.

याला तिकडे कॉर्नर-ग्राउंडेड डेल्टा म्हणतात, म्हणजे ज्याचा एक कोपरा जमिनीला बांधलाय असा डेल्टा. आपल्याकडचा नेहमीचा वितरण ट्रान्सफॉर्मर ११ केव्ही ते ४३३ व्होल्टचा असतो. त्याची वरची बाजू डेल्टा, खालची स्टार, आणि स्टारचा मधला बिंदू अर्थ केलेला. त्यामुळे आपल्याकडच्या विद्यार्थ्याने अर्थपासून तिन्ही फेज सारखे नसलेली निरोगी सिस्टिम कधी पाहिलेलीच नसते. अमेरिकेत मात्र जुन्या कारखान्यांत आणि पंपांवर तीन तारांचा डेल्टा बराच वापरला गेला. नुसत्या मोटारी चालवायच्या तर न्यूट्रल लागतो कशाला? अशा डेल्टाला जमिनीचा पक्का आधार देण्याचा स्वस्त उपाय म्हणजे एक कोपरा अर्थ करणे. तिथल्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये याला रीतसर जागा आहे. अर्थ केलेल्या त्या फेजच्या तारेला पांढरी किंवा राखाडी खूण करायची असाही नियम आहे. जुन्या वायरिंगमध्ये ती खूण काळवंडलेली किंवा गायब असते, ही गोष्ट वेगळी.

आधी त्रिकोण काढा

दुसऱ्या दिवशी वर्गात मी फळ्यावर एकही सूत्र लिहिलं नाही. पुठ्ठे वाटले आणि सांगितलं, २४ सेंटिमीटर बाजूचा समभुज त्रिकोण काढा. कोपऱ्यांना ए, बी, सी नावं द्या. प्रमाण धरा १ सेंटिमीटरला २० व्होल्ट. म्हणजे प्रत्येक बाजू ४८० व्होल्ट. हे आहे ट्रान्सफॉर्मरमधून येणारं फेज ते फेज व्होल्टेज. सप्लाय निरोगी असेपर्यंत हा त्रिकोण बदलत नाही.

आता प्रत्येकाला एक टाचणी दिली. ही टाचणी म्हणजे जमीन. काळी प्रोब टाचणीवर, लाल प्रोब कोपऱ्यावर, आणि पट्टीने मोजायचं. जेवढे सेंटिमीटर गुणिले २०, तेवढे व्होल्ट मीटर दाखवणार.

टाचणी बरोबर मध्यभागी टोचा. तिन्ही कोपरे १३.९ सेंटिमीटरवर येतात, म्हणजे २७७ व्होल्ट. हा आपला ओळखीचा स्टार. आपल्याकडचाच हवा असेल तर बाजू २०.७५ सेंटिमीटर घ्या, मध्य १२ वर येतो. ४१५ आणि २४०. वर्गमूळ तीन न सांगता मुलांच्या हाताला कळतं.

टाचणी बी कोपऱ्यावर टोचा. बी ०, ए २४, सी २४. म्हणजे ०, ४८०, ४८०. ओहायोचा कारखाना हाच. तिथे त्रिकोण तोच आहे, मोटारींना मिळणारा सप्लायही तोच आहे. फक्त कुणीतरी टाचणी मध्ये न टोचता कोपऱ्यावर टोचली आहे.

टाचणी ए आणि सी यांच्या बरोबर मधोमध, बाजूवर टोचा. ए १२, सी १२ आणि बी २०.८. ही पद्धतसुद्धा अमेरिकेत आहे. तिथे २४० व्होल्टच्या डेल्टात एका वाइंडिंगचा मध्य अर्थ करतात. प्रमाण १ सेंटिमीटरला १० व्होल्ट धरलं तर १२०, १२० आणि २०८. दोन फेजवर दिवे चालतात आणि तिसऱ्यावर दिवा लावला की जळतो. त्या तिसऱ्या फेजला नारिंगी खूण करतात, ती याचसाठी. पण आपल्याला इथे २०.८ सेंटिमीटर हा आकडा हवा आहे. तो लक्षात ठेवा.

आणि टाचणी टोचलीच नाही तर? मग पुठ्ठा टेबलावर नुसता सरकतो. हा अर्थ न केलेला डेल्टा. प्रत्यक्षात केबल आणि जमीन यांच्यातल्या कपॅसिटन्समुळे तो साधारण मध्यावर राहतो, म्हणून डिजिटल मीटर २७७ च्या आसपास काहीतरी डुगडुगतं दाखवतो. कमी इम्पिडन्सचा मीटर किंवा दिवा लावला की तेच रीडिंग घसरतं. मुलांनी त्या आकड्याला सप्लाय समजू नये.

४१६ आले कुठून?

आता कोडं. टाचणी बी कोपऱ्यावर आहे. ब्रेकरवर बी शून्य आहे आणि ते बरोबर आहे. मग कॉन्टॅक्टरवर ४१६ का?

मी मुलाला फोनवर एकच प्रश्न विचारला होता. "ओव्हनचा ब्लोअर चालतोय का?" चालत होता. आवाज नेहमीचा, करंट तिन्ही फेजमध्ये सारखा. ब्लोअर थ्री फेजचा, त्याच मुख्य ब्रेकरवरून स्वतःच्या स्टार्टरमधून जोडलेला. मग बी फेज गेला असेल तर तो चालेल कसा? इथे तो गप्प झाला. आणि खरं सांगायचं तर इथेच मलाही नीट विचार करायला सुरुवात झाली.

बी फेज ब्रेकरपर्यंत ठणठणीत आहे. म्हणजे तो तुटलाय ब्रेकर आणि कॉन्टॅक्टर यांच्या मधल्या त्या चार-पाच फुटांत, किंवा दोन्हीकडच्या स्क्रूंमध्ये. आता हीटरच्या बाजूचं बी टर्मिनल सप्लायपासून सुटलेलं आहे. पण ते लोंबकळत नाही. डेल्टात जोडलेल्या हीटरपैकी एक त्याला ए कडे बांधून ठेवतो आणि दुसरा सी कडे. दोन्ही हीटर सारखे. मग ते टर्मिनल कुठे जाऊन बसेल? ए आणि सी यांच्या बरोबर मधोमध. दोन सारख्या रबरांनी दोन खुंट्यांना बांधलेल्या मण्यासारखं.

पुठ्ठ्यावर ए-सी बाजूच्या मध्यावर पेन्सिलने ठिपका द्या. तो आहे कॉन्टॅक्टरवरचा बी. आता टाचणीपासून, म्हणजे बी कोपऱ्यापासून, त्या ठिपक्यापर्यंत पट्टी लावा. २०.८ सेंटिमीटर. गुणिले २०. चारशे सोळा!

पोरांनी जी आरोळी ठोकली ती शेजारच्या फिटरच्या वर्गात ऐकू गेली.

म्हणजे या कारखान्यात बी फेजवर अर्थपासून शून्य आलं तर तार चांगली आणि ४१६ आलं तर तार तुटलेली. आपण वर्षानुवर्षं शिकवतो त्याच्या नेमकं उलट. "टेस्टर पेटला की फेज आहे, नाही पेटला की फेज नाही" हे वाक्य मी स्वतः फळ्यासमोर उभं राहून किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे. त्या कारखान्यात चांगल्या बी तारेवर टेस्टर पेटणार नाही आणि तुटलेल्या बी च्या हीटरकडच्या टोकाला लख्ख पेटेल.

काळी प्रोब अर्थवरून उचलून फेज ते फेज मोजलं असतं तर एका मिनिटात उलगडा झाला असता. मी त्याला तेच करायला सांगितलं. कॉन्टॅक्टरवर ए-सी ४८०, ए-बी २४०, बी-सी २४०. पुठ्ठ्यावर बघा, ए पासून ठिपका १२ सेंटिमीटर, सी पासूनही १२. मग टाँग टेस्टर लावायला सांगितला. ए २५ अँपिअर, बी शून्य, सी २५. निरोगी असताना तिन्हींत सुमारे २९ हवेत. आणि ओव्हन तापत का नव्हता त्याचाही हिशेब जुळला. ए आणि सी मधला ८ किलोवॅटचा हीटर पूर्ण चालू होता, उरलेले दोन सिरीजमध्ये पडून मिळून ४ किलोवॅट देत होते. २४ च्या जागी १२. बरोबर निम्मं.

शेवटचं मोजमाप सगळ्यांत महत्त्वाचं. एक प्रोब ब्रेकरच्या बी स्क्रूवर, दुसरी कॉन्टॅक्टरच्या बी स्क्रूवर. एकाच वायरची दोन टोकं. तिथे जवळजवळ शून्य यायला हवं. आले ४१६. दोष याच तुकड्यात, आता अर्थ कुठे बांधलंय याच्याशी काहीही देणंघेणं नाही.

"मी हात लावणार होतो"

सप्लाय बंद करून, कुलूप लावून, मीटर आधी चालू ठिकाणी तपासून, मग बंद ठिकाणी लावून आणि पुन्हा चालू ठिकाणी तपासून घेतल्यावर त्यांनी कॉन्टॅक्टरचा बी स्क्रू सैल केला. वायर साइटवर ओढताना टोक कमी सोललं होतं. स्क्रू तांब्यावर न बसता प्लास्टिकवर बसला होता. वरून बघितलं तर अगदी घट्ट. टोक कापून, नीट सोलून, लग लावून पुन्हा बसवलं. कॉन्टॅक्टरवर तिन्ही जोड्यांत ४८०, करंट २९ च्या आसपास, आणि बी ते अर्थ शून्य. ते शून्य बघून आम्ही दोघंही हसलो.

पण त्यानंतर तो जे बोलला त्याने मला रात्री झोप लागली नाही. "सर, तुम्हाला फोन करायच्या आधी मी ती बी ची वायर हाताने हलवून बघणार होतो. ब्रेकरवर शून्य दाखवत होतं ना, म्हटलं ही तर मेलेली आहे."

वायरचं ते टोक खरंच शून्यावर होतं. पण त्याच टोकापासून काही मिलिमीटरवर असलेला स्क्रू जमिनीच्या मानाने ४१६ व्होल्टवर होता. बोट थोडं घसरलं असतं तर? आणि स्क्रूखाली तांबं टेकल्यासारखं झालं असतं तर ठिणगी त्याच्या तोंडासमोर उडाली असती. तो तिथे एकटा असता तर काय झालं असतं, हे मी त्याच्या आईवडिलांना सांगितलेलं नाही. त्याच्या परवानगीने इथे लिहितोय.

मुलांना स्पष्ट सांगायला हवं की अर्थ केलेला फेज हाही फेजच. त्यातून बाकीच्या दोघांएवढाच करंट वाहतो. ट्रान्सफॉर्मरपाशी बांधलेली ती तांब्याची तार सुटली तर तोही तरंगायला लागतो. "शून्य" हा त्या तारेचा गुण नव्हे. दोन जागांत फरक नाही, एवढंच मीटर सांगतोय, आणि त्यातली एक जागा आपण निवडलेली असते.

जुळी रीडिंग

माझ्या पहिल्या चुकीकडे परत येतो, कारण ती निव्वळ मूर्खपणाची नव्हती. ०, ४८०, ४८० हे रीडिंग दोन ठिकाणी येतं. मुद्दाम कोपरा अर्थ केलेल्या डेल्टात आणि अर्थ न केलेल्या डेल्टाचा एक फेज अपघाताने बॉडीला लागलेला असताना. पुठ्ठ्यावर दोन्हीकडे टाचणी त्याच कोपऱ्यावर. नुसत्या व्होल्टमीटरने हे दोन वेगळे ओळखता येत नाहीत, कितीही महागाचा मीटर घ्या. आणि फरक तर मोठा आहे. पहिल्या सिस्टिममध्ये दुसरा फेज जमिनीला लागला की ताबडतोब ब्रेकर पडतो किंवा फ्यूज उडतो, तशीच रचना आहे. दुसऱ्या सिस्टिममध्ये एक फॉल्ट आधीच लपून बसलेला असतो, मशीन मजेत चालत असतात, आणि दुसऱ्या फेजवर दुसरा फॉल्ट आला की दोन फेजचा शॉर्ट होतो, कदाचित कारखान्याच्या दोन टोकांना.

ओळखायचं कसं? जाऊन बघायचं. ट्रान्सफॉर्मर किंवा मुख्य स्विचपाशी मुद्दाम बांधलेली तार आहे का, ड्रॉइंगमध्ये काय दाखवलंय, पांढरी-राखाडी खूण आहे का. अर्थ न केलेल्या जुन्या पॅनलवर बऱ्याचदा तीन दिवे असतात, स्टारमध्ये जोडून मधला बिंदू अर्थला दिलेले. तिन्ही सारखे मंद पेटले तर ठीक. एक विझला आणि दोन झगझगीत झाले की विझलेला फेज जमिनीला लागलाय. सहा रुपयांचं डोकं आणि तीन दिवे, पण काय सुरेख युक्ती आहे!

आणि तिथल्या माणसाला विचारायचं. ते वयस्कर इलेक्ट्रिशियन पहिल्यापासून शेजारी उभे होते. आमच्या मुलाने त्यांना विचारलं नाही, हजारो किलोमीटरवर मला फोन लावला. इंग्रजी बोलायचा संकोच, दुसरं काय. भाषेच्या शिक्षकांनी हेही वाचावं.

जाता जाता पॅनल बनवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. अमेरिकन ब्रेकरवर ४८० असं सरळ लिहिलेलं असतं किंवा "४८० वाय / २७७" असं तिरकी रेघ मारून. तिरक्या रेघेचा ब्रेकर कोपरा अर्थ केलेल्या ४८० व्होल्टच्या सिस्टिमवर चालत नाही. कारण फॉल्टच्या वेळी त्याच्या एकाच पोलला जमिनीविरुद्ध २७७ नव्हे, पूर्ण ४८० व्होल्ट तोडावे लागू शकतात. या ओव्हनच्या पॅनलमध्ये असा एक ब्रेकर निघाला आणि तो बदलावा लागला. दुसरं म्हणजे ड्राइव्ह. व्हीएफडीच्या आत अर्थकडे जोडलेला फिल्टर असतो, आणि अशा सिस्टिमवर अनेक ड्राइव्हचा तो फिल्टर एक स्क्रू काढून सोडवावा लागतो. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, कुणी वाचत नाही. ऑर्डर घेताना व्होल्टेज विचारलं होतं, फ्रिक्वेन्सी विचारली होती. अर्थ कुठे केलंय हे मात्र कुणीच विचारलं नव्हतं.

पालकांसाठी

तुम्ही म्हणाल, ओहायोच्या ओव्हनचं आम्हाला काय? तर हाच त्रिकोण तुमच्या डीपीवरही आहे. कधीतरी गल्लीत अर्ध्या घरांत दिवे मिणमिणतात आणि उरलेल्या घरांत टीव्ही, फ्रिज जळतात, ते आठवा. तिथे डीपीकडून येणारा न्यूट्रल तुटलेला असतो. घराघरांतल्या लोडमुळे न्यूट्रलचा ठिपका मधून सरकतो. ज्या फेजवर लोड जास्त त्याच्या जवळ जातो आणि ज्याच्यावर कमी त्याच्यापासून लांब. जवळच्याला शंभर-सव्वाशे व्होल्ट, लांबच्याला तीनशेच्या वर. आठवी-नववीच्या मुलालाही पुठ्ठा आणि पट्टी देऊन हे दाखवता येतं, करंटला हात न लावता. घरातल्या बोर्डावर प्रयोग करू देऊ नका. पुठ्ठ्यावर मात्र हवे तेवढे करू द्या.

शिक्षकांना माझी पद्धत सांगतो. आता मी मुलांच्या प्रॅक्टिकलच्या वहीत "व्होल्टेज = ___" अशी रिकामी जागा ठेवत नाही. "___ आणि ___ यांच्यामध्ये ___ व्होल्ट, लोड चालू / बंद" अशी ठेवतो. आधी फेज ते फेज तीन रीडिंग, मग अर्थकडे तीन, मग बंद असलेल्या प्रत्येक फ्यूजच्या आणि कॉन्टॅक्टच्या आरपार. अर्थकडची रीडिंग शेवटून दुसरी ठेवली आहेत, मुद्दाम. काही मुलं कुरकुर करतात की सर, नऊ रीडिंग कशाला? करू देत.

परवा मी वर्गाला एक प्रश्न घातला. कोपरा अर्थ केलेला ४८० व्होल्टचा डेल्टा, हीटरचा कॉन्टॅक्टर ओढलेला. खालच्या बाजूला अर्थपासून ए ४८०, बी ४८०, सी ४८०. काय झालंय? बहुतेकांनी लिहिलं, तिन्ही फेज सारखे, सप्लाय उत्तम. मागच्या बाकावरची एक मुलगी बराच वेळ पुठ्ठ्यावर टाचणी फिरवत बसली होती. शेवटी उठून म्हणाली, "सर, तिन्ही कोपऱ्यांपासून चोवीस सेंटिमीटर लांब अशी जागाच सापडत नाहीये. मग यातला एक कोपरा खोटा आहे." मी विचारलं, कुठला? ती म्हणाली, "बी. तो तुटलाय. आणि मधोमध नाही बसला, सरळ ए नाहीतर सी वर जाऊन बसलाय. म्हणजे दुसऱ्या बाजूचा हीटरपण गेलेला असणार."